सातवा फर्मा

प्रिय वाळवीबाई,

रागावू नकोस. कॉलेजात शिकवणाऱ्या बत्तीस वर्षांच्या बाईला वाळवी म्हणू नये, एवढं मला कळतं. पण चार वर्षांची असताना तू बाइंडिंगखान्यात माझ्या टेबलाखाली बसून एका नव्याकोऱ्या पुस्तकाचा कोपरा चावून खाल्ला होतास, आणि बाइंडिंगवालीच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही की याहून मोठा लाड नाही. अक्षराला हसू नकोस. शाळा तिसरीपर्यंत, त्यातलीही अर्धी भावंडं सांभाळण्यात गेली. हे पत्र मी रोज दुपारी थोडं थोडं लिहितेय. मध्येच शाईचा रंग बदललेला दिसला तर समज की पेन संपलं, आजी नाही.

घरचं सगळं ठीक आहे. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत, म्हणजे खुर्चीत. तुझा बाप निवृत्त झाल्यापासून घरातली एकेक वस्तू दुरुस्त करायला घेतो आणि कायमची बिघडवून ठेवतो. पंख्याला हात लावला तेव्हा मी सांगितलं, बाबा रे, वारा मी बाहेर बसून खाईन, तू तो पंखा सोड. तुझी आई अजून रोज कामावर जाते. आता बायकांच्या टेबलाची मुख्य तीच आहे, माझ्या जागी. नव्या मुलींना दुमडणी शिकवते, पण माझ्यासारखी ओरडत नाही, त्यामुळे मुली तिचं ऐकतात. मला हे तंत्र चाळीस वर्षांत जमलं नाही.

आता तुझ्या पुस्तकाचं. बाड मिळालं. वरती तुझी चिठ्ठी होती, की महिनाअखेरीला छापायला जाणार, आजीने वाचल्याशिवाय देणार नाही. मी म्हटलं, पोरगी शिकून वेडी झाली. आयुष्यभर मी पुस्तकं दुमडली, शिवली, डकवली, पण आतलं वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे जी वाचायला थांबायची तिचा ढीग कमी व्हायचा आणि मुकादम टेबलावर पट्टी आपटायचा. तरी घेतलं वाचायला. दुपारी थोडं मी बोटाने, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर तुझी आई मोठ्याने.

ज्यांच्या कादंबऱ्यांवर तू हे पुस्तक लिहिलंयस, त्या आफ्रिकेतल्या बायकांच्या गोष्टी गेल्या सुट्टीत मटार सोलताना तू सांगायचीस, त्या तेव्हाच मला आवडल्या होत्या. तेव्हा मी म्हटलं, आफ्रिकेत बायकांचे फार हाल दिसतात गं, तर तू माझ्यावर केवढी खेकसलीस. आफ्रिका म्हणजे एक गाव नाही आजी, पन्नासाच्यावर देश आहेत, आणि हे हाल बाहेरून कुणी बघून लिहिलेले नाहीत, तिथल्याच बायकांनी लिहिलेत, आणि त्या बायका रडत बसलेल्या नाहीत. बरोबर होतं तुझं. ती बाजारात कापड विकणारी, जी नवऱ्याला गिऱ्हाइकांसमोर सांगते की तुझ्या मर्दपणाचा गठ्ठा उचलून बाजूला ठेव, माझ्या कापडावर सावली पडतेय, ती तर मला आपल्याच बाइंडिंगखान्यातली वाटली. तुझी आई ते वाचताना इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. आणि ती शाळेतून काढलेली मुलगी, भावाच्या वर्गाच्या खिडकीखाली बसून पाढे पाठ करणारी, तिच्यापाशी तुझ्या आईने बाड मिटलं. म्हणाली, आज एवढंच पुरे.

सहा वर्षं मूल होत नाही त्या बाईची गोष्ट मात्र मी तुझ्या आईला पुन्हा वाचायला लावली. सासू स्वतः जाऊन मुलासाठी दुसरी बायको ठरवून येते, आणि आल्यावर पहिल्या सुनेला आपल्या हाताने वाढते, पोटभर जेव म्हणते. तू लिहिलंयस की ही क्रूरता आणि माया एकाच ताटात आहे. शब्द जड आहेत, पण वाढतानाचा तो हात मला दिसला. म्हटलं, ही म्हातारी मी कुठेतरी पाहिलीय.

आणि त्यानंतर गाडी अडली. शहाण्णवावं पान संपलं आणि तुझ्या आईने पुढचं वाचायला घेतलं ते एकदम दुसरंच काही. मला वाटलं, मलाच डुलकी लागली असेल. सकाळी ती कामावर गेल्यावर मी बाड मांडीवर घेतलं आणि सवयीने पानं मोजली. पान शहाण्णव, मग पान एकशे तेरा. मधली सोळा पानं नाहीत. तुला लहानपणी शिकवलं होतं, आठवतंय ना, मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा. शहाण्णव म्हणजे सहा फर्मे बरोबर, आणि सातवा गायब. तुझं ते कॉम्प्युटरवरचं बाड, त्याला फर्मे नसतात हे मला ठाऊक आहे, पण माझ्या बोटांना ठाऊक नाही. चाळीस वर्षं मी याच कामाची होते. एक फर्मा कमी पडलेलं पुस्तक माझ्या टेबलावरून कधी पुढे गेलं नाही.

तुम्हा दोघींची चोरी पकडली ती अनुक्रमणिकेने. पानं काढलीत, पण सुरुवातीच्या यादीतून नाव काढायला विसरलात. तिथे स्पष्ट लिहिलंय, दाराशी बसलेली म्हातारी, पान सत्त्याण्णव. संध्याकाळी तुझी आई आली, तिला चप्पलसुद्धा काढू न देता विचारलं. आधी म्हणाली, छापताना राहिलं असेल. मग माझं तोंड बघून म्हणाली, आई, मीच काढली, तुमच्याआधी मी वाचली होती, लेकीला फोन केला तर ती म्हणाली, मग पुस्तकातूनच काढते, आजीला दुखवून मला काय मिळणार आहे. मी म्हटलं, आण ती पानं. तिने आपल्या कपाटातून, टॉवेलांच्या घडीखालून काढून दिली. मी विचारलं, माझ्या मनाला काय लागेल हे तुला कुणी सांगितलं? ती माझ्याकडे बघत राहिली, आणि वाळत घातलेले कपडे काढायला निघून गेली. ते बघणं मला आवडलं नाही.

ती सोळा पानं मी स्वतः वाचली, एकेक अक्षर लावून, नऊ दिवस. त्यात तू त्या सगळ्या पुस्तकांतल्या म्हाताऱ्या एका ओळीत बसवल्यास. विधवा झालेल्या पोरीचं डोकं भादरणाऱ्या नणंदा आणि सासवा. पुरुष लांब झाडाखाली बसलेले असतात, त्यांना काही करावंच लागत नाही, कात्री बायकांच्याच हातात. नातीला खिडकीखालून ओढून आणणारी आजी. दुसरी बायको आणणारी सासू. आणि शेवटी तू लिहिलंयस की या बायकांना घर कधी मिळालंच नाही, फक्त दाराची कडी राखायला मिळाली, आणि ती राखताना त्यांना वाटलं की घर आपलं आहे. म्हणून त्यांना दोष देताना हात आवरावा. वाचून मी पानं उलटी ठेवली आणि एक कप चहा केला, तो प्यायला विसरले.

चांगलं लिहिलंयस. पण एका ठिकाणी चूक आहे, आणि ती चूक तुला दुसरं कुणी सांगणार नाही. भीती लिहिलीस, रीत लिहिलीस, पुरुषांची सत्ता तर पानोपानी लिहिलीस. एक शब्द राहिला.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आपल्या बाइंडिंगखान्यात बायका दुमडायच्या, फर्मे जुळवायच्या, शिवायच्या. कटिंग मशीनवर मात्र पुरुषच. ते मोठं पातं खाली आलं की चारशे पानांची कड एका दमात अशी गुळगुळीत व्हायची, की बोट फिरवावंसं वाटायचं. मला ते मशीन हवं होतं. दागिने हवे असतात ना बायकांना, तसं मला ते पातं हवं होतं. एक दिवस धीर करून मालकांना विचारलं, मला शिकवाल का. तुझे आजोबा तिथेच पुस्तकं दाबायच्या प्रेसवर कामाला होते. मालक काही बोलायच्या आधी तेच मोठ्याने म्हणाले, हिची जीभ पात्याहून धारदार आहे, हिला मशीन कशाला, पुस्तकं नुसती हिच्यासमोर धरा. सगळा कारखाना हसला. आजोबा वाईट माणूस नव्हता, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, गंमत केली. आणि गंमत म्हणजे मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. पुन्हा कधी विचारलं नाही. लोक म्हणतात मी फटकळ आहे. त्या दिवसापासून जास्त झाले, एवढं लिहून ठेव.

पुढे तुझी आई लग्न होऊन आली आणि माझ्याच टेबलावर दुमडायला बसली. तुला आठवतं, तुझ्या वह्यांची कव्हरं ती पट्टी न लावता कापायची आणि रेष अशी सरळ यायची, की शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं कुठून आणलीत. तो हात तिला जन्मतः होता. जुना मशीनवाला जेवणाच्या सुट्टीत तिला मशीनवर उभी करायचा. मी टेबलावरून बघायचे. एकदाही कड वाकडी गेली नाही. नवे मालक जरा शिकलेले होते. त्यांनीच तिला अर्ज भरायला लावला. दुसऱ्या शहरात छपाईची शाळा होती, अकरा महिन्यांचं शिक्षण, त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांना घेणार होते. तू आठ महिन्यांची होतीस. मी आणि ती पाळी लावायचो, एक दिवस ती कामावर, एक दिवस मी. तुझ्या आईने मला विचारलं होतं, आई, अकरा महिने पोरीला सांभाळाल ना. मी हो म्हटलं होतं. तोंडाने.

पत्र आलं त्या दिवशी घरी मी होते. तुला दात येत होते आणि तू माझं बोट चावत होतीस. टपालवाल्याने पाकीट हातात दिलं. मी फोडलं. वाचायला मला तुझं दूध तापून उतू जाईपर्यंत वेळ लागला. आपली निवड झाली आहे, अमुक तारखेला हजर राहावे. पोरी, त्या वेळी मला तुझी काळजी वाटली नाही. लोक काय म्हणतील हे डोक्यात आलं नाही. तुझा बाप नाही म्हणाला असता असंही नाही, तो तेव्हाही कशाला नाही म्हणायचा नाही. मला एकच वाटलं. मी हसले होते, मग हिने का हसू नये. हा तो शब्द. हेवा. तुझ्या सोळा पानांत तो कुठेच नाही.

आता बाइंडिंगवालीची खोड बघ. दुसरी कुणी असती तर तिने पत्र चुलीत घातलं असतं. आमच्याकडे लिहिलेला कागद जाळत नाहीत, फेकत नाहीत. रद्दी झालेला फर्मासुद्धा पुठ्ठ्याच्या आत, अस्तराखाली डकवतात, पुस्तकाला बळ येतं. त्या आठवड्यात मालकांनी टाकून दिलेला एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश मी घरी आणून नव्याने बांधत होते. तुझ्यासाठी, मोठी झाल्यावर. डकवायची खळ तयारच होती, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घालून शिजवलेली. मी ते पत्र मागच्या पुठ्ठ्यावर सपाट लावलं, वर अस्तर डकवलं आणि दाबाखाली ठेवलं. संध्याकाळी तुझी आई आली आणि तिने रोजच्यासारखं विचारलं, काही टपाल? मी म्हटलं, नाही. पुढे महिनाभर टपालवाल्याची सायकल वाजली की तिचं हातातलं काम थांबायचं. मग थांबायचं बंद झालं. मशीनवाला म्हातारा झाला, नवा आला, त्याने तिला पात्याजवळ उभंही राहू दिलं नाही.

त्याच शब्दकोशावर तू शिकलीस. त्याच्यावरच हे अख्खं पुस्तक लिहिलंस, त्या बायकांचे एकेक शब्द शोधत. खिळखिळा झाला म्हणून गेल्या सुट्टीत माझ्याकडे दुरुस्तीला टाकून गेलीस, आणि नंतर तीनदा विचारलंस, आजी, झाला का. झाला नव्हता कारण मी तो उघडत नव्हते.

तुझी सोळा पानं वाचून झाली त्या दुपारी उघडला. ओलं फडकं मागच्या पुठ्ठ्यावर ठेवून बसले. अस्तर सुटलं, आणि मला कळलं की ते माझं नाही. माझी खळ मोरचुदाने निळसर व्हायची. हा बाटलीतला पांढरा गोंद होता. अस्तराचा कागदही माझा नव्हता, तू तिसरीत असताना वह्यांना घालायचो तो खाकी कागद. आणि पत्र, जे मी सपाट लावलं होतं, त्याच्यावर घड्या पडलेल्या होत्या. चार घड्या, मऊ झालेल्या, पुष्कळदा उघडून मिटल्यासारख्या. मग पुन्हा कुणीतरी हाताने नीट सरळ करून, तिथेच, तसंच डकवलेलं. रेषेत. पट्टी न लावता.

चोवीस वर्षं, वाळवीबाई. चोवीस वर्षं तुझ्या आईने मला सकाळचा चहा दिला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात अकरा दिवस बाकावर झोपली. मी तिला नव्या मुलींसमोर बोलले, पाहुण्यांसमोर बोलले, तुझ्यासमोर तर किती वेळा. एकदाही तिने ते पत्र माझ्या तोंडावर मारलं नाही.

ती कामावरून आली तेव्हा मी ते टेबलावर ठेवलं होतं. तिने पाहिलं, पिशवी खाली ठेवली, हात धुतले. मग म्हणाली, आई, तुमची खळ नेहमी पातळच असायची, कोपरा सुटला होता. बस, एवढंच. मी म्हटलं, मग तेव्हाच विचारलं का नाहीस. म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मग ते उत्तर घेऊन मला रोज तुमच्यासमोर जेवायला बसावं लागलं असतं. असल्या गोष्टींनी मला जेवण जात नाही. हे ती अगदी साधं बोलली, उद्या भाजी काय आणायची हे सांगावं तसं. मी म्हटलं, मी मालकांकडे जाते, त्यांना सांगते, अजून तुला मशीनवर घ्या. तेव्हा मात्र ती चिडली. म्हणाली, माझा चष्म्याचा नंबर बघा आणि माझं वय बघा, आणि आता मला असलं काही देऊ नका, द्यायचं होतं तेव्हा तुमच्या हातात पाकीट होतं. बरोबर बोलली. मी गप्प बसले. मी गप्प बसले हे तुझ्या बापालाही इतकं नवीन होतं की तो स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन बघायला आला.

मग मी तिला विचारलं, तुला काय हवं ते सांग, करता येण्यासारखं असेल तर करते. तिने पिशवीतली भाजी काढून निवडायला घेतली. मला वाटलं, माफी मागायला लावेल. माफी मी मागितली असती, पण चांगली जमली नसती, तिलाही ते माहीत असावं. शेवटी म्हणाली, लेकीला लिहून कळवा, तुमच्या हाताने, मी सांगितलं तर चुगली होईल. चौतीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली होती, पोरीला सांभाळाल ना. म्हणून हे पत्र. त्या सोळा पानांत म्हातारीच्या बाजूने लिहिलेलं आहे तेवढं राहू दे, नाहीतर लोक म्हणतील नातीने आजीला फाडून खाल्लं, पण त्याच्याखाली तो एक शब्द घाल आणि सातवा फर्मा जागेवर लाव. माझ्यासाठी काढू नकोस. एक फर्मा कमी असलेलं पुस्तक या घरातून बाहेर गेलेलं मला चालणार नाही. शब्दकोश बांधून झाला, वेगळा पाठवते. मागच्या पुठ्ठ्यात आता काही नाही. ते पत्र तुझ्या आईकडे आहे, टॉवेलांखाली. हे पत्र मी आधी तिला वाचायला दिलं. तिने दोन शब्द दुरुस्त केले आणि एकही वाक्य काढलं नाही. पाकीट तेवढं मी डकवत नाही, तिला सांगितलंय. तिने डकवलेलं सुटत नाही.

तुझीच, अजून दाराशीच बसलेली,
आजी